होनामी ठणठणीत आहे

उवाजिमा
८ जानेवारी २०२३

प्रिय होनामी,

तुझं नववर्षाचं कार्ड एक तारखेला सकाळी इतर कार्डांच्या गठ्ठ्यात आलं. दरवर्षीप्रमाणे सगळ्यांत आधी तेच वाचलं. ‘सिस्टर, मी ठणठणीत आहे.’ पाच वर्षांची होतीस तेव्हापासून हेच वाक्य लिहितेस. तेव्हा अक्षर म्हणजे चिखलातून चाललेला खेकडा. आता बरं आहे, पण हवामानाबद्दल एक ओळ लिहायची पद्धत तू काही शिकली नाहीस.

माझ्या वॉर्डातून बरी होऊन गेलेली किती मुलं ‘सिस्टर, कार्ड पाठवू हं’ म्हणून गेली! नियमाने पाठवणारी तू एकटी. तुझी सगळी कार्डं मी देवघराशेजारच्या खणात ठेवली आहेत. निवृत्त बाईला तेवढंच पदक.

या वर्षी खाली एक नवी ओळ दिसली. ‘हल्ली वाटेत थांबून फुलं बघते.’ होनामी कुराता आणि फुलं? चार वर्षांची असताना तुझ्या हृदयाची चिंचोळी झडप उघडायला मांडीच्या शिरेतून फुगा घालणार, असं तुला समजावलं, तर तू विचारलंस, ‘कुठल्या रंगाचा?’ मी म्हटलं, लाल. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘माझा फुगा कुठाय?’ फुगा बाहेर काढून टाकला म्हटल्यावर सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलास. अशी मुलगी पाठीवर सामान घेऊन डोंगर चढताना फुलं बघायला थांबते, याचा अर्थ एकच. कोण आहे तो? तुझ्यासारखाच हमाल, की डोंगरावरच्या कुटीत उतरणारा एखादा शहरी पाहुणा?

संत्र्यांची पेटी निघाली आहे. तळाची आधी खा.

तुझी
तामियो सेगावा

ओमाची
२० मे २०२३

सेगावा सिस्टर,

हवामान: थंडी संपली. झालं समाधान?

उत्तराला उशीर झाला. हिवाळाभर बर्फ उपसायच्या कामावर होते, आणि आता डोंगराचा हंगाम उघडला. संत्री बाबांच्या सोबा-नूडल्सच्या दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना वाटली. आजीने साली वाळवून आंघोळीच्या पाण्यात टाकल्या. छप्पन्न रुग्णांची सिस्टर म्हणून तुमचं नाव आजीच्या तोंडी अजून आहे. तिला छप्पन्न कुठून सुचले, देव जाणे.

‘तो’ कोणी नाही. माझ्या आयुष्यात पुरुष एकच, इवासे उस्ताद, आणि ते सहासष्ट वर्षांचे आहेत. बोलतात कमी, खाकरतात जास्त. यंदा त्यांनी एक गोष्ट सांगितली. पुढचा हंगाम त्यांचा शेवटचा. त्यांची पाठीवरची लाकडी चौकट त्यांच्या उस्तादांकडून आलेली आहे. खांद्याच्या जागी लाकूड आरशासारखं गुळगुळीत झालंय. ती ते माझ्याकडे देणार. म्हणजे ‘देणार’ म्हणाले नाहीत. ‘बघू, पेलते का’ म्हणाले. सिस्टर, आमच्या डोंगरावर बाईला असं कोणी म्हटलेलं नाही. हंगामाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टर जड सामान टाकून जातं, पण भाजी, अंडी, ताजं तोफू वर जातं ते आमच्याच पाठीवर. उस्तादांनंतर मी नसेन तर कुटीच्या मालकीणबाई सगळंच हेलिकॉप्टरवर टाकणार.

म्हणून सध्या रचणं शिकतेय. तुम्हाला वाटेल जड सामान खाली ठेवतात. उलट असतं! जड ते वर, डोक्याच्याही वर. मग चालताना ओझंच पुढे ढकलतं. माझी रचना कुठेतरी चुकतेय. निम्म्या वाटेवर, भूर्जाच्या झाडाखाली ओझं टेकवायची फळी आहे, तिथे पोचेपर्यंत छातीत भाता चालतो. फुलं तिथेच आहेत. रचना जमली की फुलं बंद.

मी ठणठणीत आहे.

होनामी

ओमाची
२ जुलै २०२३

सेगावा बाई यांस,

पावसाळा लांबला आहे. आपल्याकडे संत्र्याच्या बागांना पाणी जास्त झालं नसेल अशी आशा करतो.

आपली ओळख नाही. गेली सात वर्षं आपण पाठवलेली संत्री खातो, एवढंच. होनामी सांगते, आपण तिच्या लांबच्या मावशी. पत्ता पेटीवरून घेतला. तिला न सांगता लिहितो आहे.

पोरीला दम लागतो. दोन हंगाम झाले. मी म्हटलं, रचना चुकते. तिने रचना बदलली. मी म्हटलं, पट्टे आखूड आहेत. पट्टे बदलले. मग बूट. मग सकाळचा भात कमी कर म्हटलं, तेही केलं. आमच्या धंद्यात कोणी धापा टाकायला लागला की आम्ही ओझ्याकडे बघतो. माणसाकडे कोणी बघत नाही.

परवा तिची भरलेली चौकट मी स्वतः उचलून वर नेली. रचनेत खोट नाही. माझ्यापेक्षा चांगली रचते. म्हणजे बिघाड चौकटीवर नाही, चौकटीच्या आत आहे.

भूर्जाखाली ती छातीवर हात ठेवून बसते आणि मला बघितलं की फुलाचं नाव विचारते. चारही वेळा त्याच फुलाचं नाव विचारलं. मी डॉक्टरकडे जा म्हणालो तर आठ दिवस बोलली नाही. आपण मावशी आहात. आपण रागावलात तर ऐकेल.

संत्री गोड असतात.

किन्जी इवासे

उवाजिमा
६ जुलै २०२३

होनामी,

हवामान गेलं खड्ड्यात. सरळ विचारते. तुझं हृदय शेवटचं कुणी आणि कधी तपासलं?

मी सांगते. तू बारा वर्षांची असताना, आमच्या इस्पितळात. त्यानंतर बाबांनी नूडल्सचं दुकान काढायला ओमाचीचा रस्ता धरला. आम्ही फाइलीबरोबर तिकडच्या डॉक्टरांसाठी पत्र दिलं होतं. पत्र पोचलं की हरवलं, मला ठाऊक नाही. कारण मला काळजीच वाटली नाही. दर एक जानेवारीला लिहून येत होतं, ‘मी ठणठणीत आहे.’ मी खणात ठेवत होते. तू पाठवत होतीस. दोघींनी नववर्षाच्या शुभेच्छांना तपासणी समजून इतकी वर्षं काढली! अगं, त्या कार्डावर सगळं जगच ठणठणीत असतं. माझे यजमान गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनीही तेच लिहून साठ कार्डं पाठवली होती.

आता नीट ऐक. तुझी झडप जन्मतःच चिकटलेली होती. फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेवरचं दार, आणि फट बोटभरही नाही. फुग्याने ते ताणून, थोडं फाडून उघडलं. काम उत्तम झालं. त्यामुळेच तू आज डोंगर चढतेस. पण असं उघडलेलं दार काहींचं पुढे नीट मिटत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी कळतं. वर पाठवलेलं रक्त पुन्हा खाली गळतं. तुझ्या भाषेत सांगते. तू ओझं वर नेतेस, निम्म्या पेट्या घरंगळून खाली येतात, त्या उचलून तू पुन्हा चढतेस. रोज, झोपेतसुद्धा. हृदयाच्या त्या उजव्या कप्प्याने किती वर्षं हू की चू न करता हे केलं असेल! आता तो ताणून मोठा होत असेल, आणि फार ताणला तर पुन्हा आकाराला येत नाही. म्हणून घाई.

कदाचित हे काहीच नसेल. नसलं तर मला पोटभर शिव्या दे. पण जन्मजात हृदयदोष असलेल्या मोठ्या माणसांना बघणारा डॉक्टर शोध. साधा डॉक्टर नको, तो फक्त दम बघेल. मात्सुमोतोला असा विभाग आहे. नंबर मागे लिहिला आहे.

सिस्टर

ओमाची
१७ जुलै २०२३

सेगावा सिस्टर,

उस्तादांनी लिहिलं ना? पेटीवरचा पत्ता फाडलेला सापडला. मला वाटलं उंदीर.

तुम्ही माझ्या बाजूच्या आहात असं मला वाटत होतं. माझ्या अंगावर एक ओरखडा नाही. टाका नाही. डोंगरावर कुणालाही माहीत नाही की मला लहानपणी काही होतं. मुद्दाम सांगितलं नाही. ‘हृदय’ हा शब्द एकदा तिथे पोचला की उद्यापासून माझ्या पाठीवर तोफूची एक पेटी ठेवतील आणि ‘सावकाश हं’ म्हणतील. चौकट एखाद्या धडधाकट पोराला जाईल आणि मी कुटीत भांडी घासेन. सात वर्षं घालवली मी त्या चौकटीसाठी.

आणि फुगा घातला तेव्हा तुम्हीच बाबांना म्हणाला होतात, ‘पोरगी बरी झाली.’ बरी झाली म्हणजे झाली. बरं होण्याला शेवटची तारीख असते, हे तेव्हा का नाही सांगितलंत?

यावर पुन्हा लिहू नका.

कुराता

उवाजिमा
२२ जुलै २०२३

होनामी,

सांगितलं होतं. बाबांना, कागदावर. पण ज्यांचं मूल शुद्धीवर येऊन फुगा मागतंय त्यांना कागद वाचता येत नाही, हे मला कळायला हवं होतं.

उस्तादांना मी तुझ्या हृदयाबद्दल चकार शब्द लिहिलेला नाही. ‘मावशी रागावली आहे’ एवढंच कळवलं. सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव.

सोबत उन्हाळी मोसंबी आहेत. एक खा, आणि सोलताना धाप लागते का बघ. लागली तर नंबर मागच्या पत्रात आहे.

सिस्टर

ओमाची
१४ सप्टेंबर २०२३

सिस्टर,

मोसंबं सोलताना लागली नाही. पेटी माळ्यावर चढवताना लागली. आजीने खालून बघितलं. म्हणाली, ‘मी शहाण्णव वर्षांची असून तुझ्याआधी चढले असते.’ मग गुपचूप फोन केला.

तुमचं सगळं खरं निघालं. विभागातल्या डॉक्टरीणबाई नोनोमुरा, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी हृदयाची सोनोग्राफी केली, मग त्या गडगडणाऱ्या बोगद्यात घालून फोटो काढले, मग सायकलवर बसवून तोंडाला मुखवटा लावला. मी जीव खाऊन पायडल मारलं. मला वाटलं, आता म्हणतील, काय ही पोरगी! बाई म्हणाल्या, ‘तुमचे पाय अजून अर्धा तास तयार आहेत, पण हृदय मघाशीच थकलं.’ उजवा कप्पा खूप मोठा झालाय. झडप जवळजवळ नाहीच म्हणाल्या. नुसती चौकट उभी आहे, दार नाही.

नवी झडप बसवायची. ती पुन्हा मांडीच्या शिरेतून बसवता येते, छाती न फाडता! पण माझी वाट ताणून फार रुंद झालीय. मावेल की सुटून पळेल, हे मोजमापं परदेशी पाठवून तपासायचं. नाही मावली तर छातीचं हाड कापून शस्त्रक्रिया. सिस्टर, चौकटीचे पट्टे बरोबर तिथूनच जातात. हाड जुळेल म्हणतात. पण कधी, आणि किती वजनाला, हे आधी सांगता येत नाही. वेळेत आलात म्हणाल्या, आणखी दोन हंगाम असेच काढले असते तर झडप बसवूनही कप्पा परत आला नसता.

उस्तादांना मी सांगितलं. भूर्जाखाली. सगळं, फुग्यापासून. बराच वेळ खाकरत होते. मग म्हणाले, ‘आधी सांगायचं ना. दोन वर्षं मी त्या पट्ट्यांना शिव्या घालतोय.’ मी विचारलं, ‘चौकटीचं काय?’ म्हणाले, ‘चौकट लाकडाची आहे. थांबेल.’ आणि माझं ओझं उचलून चालू लागले. मी म्हटलं, द्या इकडे. ‘फुलं बघ,’ म्हणाले.

त्या पत्राबद्दल माफ करा. खाली कुराता अशी सही केली होती. तुमच्याशी कधी तशी वागले नव्हते.

होनामी

उवाजिमा
२७ ऑक्टोबर २०२३

होनामी,

तुझ्या फोनमध्ये एकच वाक्य ऐकू आलं, ‘मावते!’ पुढचं सगळं तुझ्या बाबांच्या नूडल्सच्या कढईत बुडालं. पण तेवढ्याने रात्रीचं जेवण गोड लागलं.

झडप कशाची आहे म्हणालीस? गाईच्या हृदयावरच्या पडद्याची की डुकराच्या? दोन्ही चांगल्या. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. फुगा हीच नवलाई होती, बड्या डॉक्टरांच्या मागे आम्ही टाचा उंचावून पडदा बघायचो. मधे बारीक, दोन्हीकडे रुंद, छोट्या डमरूच्या आकाराची झडप रुंद वाटेत आपोआप उमलून बसते, हे परिचारिकांच्या मासिकात मी दोनदा वाचलं. पंचाहत्तरीची असून पुन्हा गणवेश घालावासा वाटला.

१६ नोव्हेंबर ही तारीख कॅलेंडरवर लाल केली आहे. आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन ये. किडका दात असेल तर त्यातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात. हे काही माझं म्हातारपणाचं किरकिरणं नाही.

झाल्यावर दोन ओळी लिही. फोन नको. बाबांच्या दुकानातून काही ऐकू येत नाही.

सिस्टर

उवाजिमा
९ डिसेंबर २०२३

होनामी,

आज मी तुला जन्मभर पुरेल इतकं रागावणार आहे. बसून वाच.

सोळा तारीख गेली. वीस गेली. नोव्हेंबर गेला. तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत. मी म्हटलं, दमली असेल. आणि काल सकाळी पोस्टमनने राखाडी काठाचं कार्ड दिलं. ‘घरात शोक असल्याने यंदा नववर्षाच्या शुभेच्छांना रजा’ असं कळवणारं, दर डिसेंबरला कुणाकुणाकडून येतं ते. पाठवणाऱ्याचं नाव: शिन्साकु कुराता. एकट्या बाबांचं. तुझं नाव नाही.

ते कार्ड उलटवायचं माझ्याने झालं नाही. चूल बंद केली. चप्पल घालून बाहेर गेले, बागेत झाडाखाली उभी राहिले, परत आले. छत्तीस वर्षं त्या वॉर्डात काढली. नको त्या बातम्या आईबापांना मीच सांगितल्या, डोळ्याला डोळा भिडवून. आणि एक पोस्टकार्ड उलटवता येईना. दुपारी शेजारच्या कोळणीला हाक मारली. ती मासळीच्या हातांनीच आली, तिनेच उलटवलं, वाचलं, आणि म्हणाली, ‘शियो नावाची कुणी शहाण्णव वर्षांची बाई गेलीय. तुमची कोण?’

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसले. तुझी आजी गेली आणि मी हसले. देवा, क्षमा कर. नंतर रडले, ते आजींसाठी रडले, खरंच. त्यांच्या नावाने उदबत्ती लावली आहे. बाबांना वेगळं पत्र लिहिते.

पण तू! तुला हात आहेत ना? लेखणी आहे ना? काय झालं ते ताबडतोब कळव.

सिस्टर

ओमाची
१३ डिसेंबर २०२३

सिस्टर, सिस्टर, सिस्टर,

मी हयात आहे. पायाशी लोळण घेते. माझं पत्र सोबत जोडलंय, वाचा. २० नोव्हेंबरची तारीख आहे. इस्पितळातून लिहून बाबांना पोस्टात टाकायला दिलं होतं. बाबांनी दुकानाच्या एप्रनच्या खिशात ठेवलं. दोन दिवसांनी आजी गेली, आणि एप्रन खुंटीवरच राहिला. काल तुमचं पत्र वाचून दाखवलं तर बाबा पांढरेफटक पडून खिसा चाचपायला लागले. पाकिटावर पीठ आहे ते सोब्याचं. कार्डंही त्यांनीच छापायला टाकली. माझं नाव का नाही विचारलं तर म्हणतात, ‘नाव वाढवलं की ओळ खाली घसरत होती.’

आजी झोपेतच गेली. मी इस्पितळातून आले तेव्हा तिने माझ्या छातीला कान लावला होता. तिला काय ऐकू येणार! तरी म्हणाली, ‘दार बसलं. आता मला जायला हरकत नाही.’ आम्ही हसलो. तिने मात्र शब्द पाळला.

तिचं दुःख आहे, सिस्टर. पण तिच्यामागे दुकानापासून स्मशानापर्यंतचा चढ मी चालले, तिचा फोटो हातात घेऊन, आणि वर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बोलत होते. चढताना. बाबांशी, मधे न थांबता.

होनामी

(सोबत)
मात्सुमोतो
२० नोव्हेंबर

सिस्टर, झालं! मांडीवर एक टोचणी, बस्स. गाय नाही, डुक्कर आहे. त्यामुळे उस्तादांनी तळलेलं डुक्कर खायचं सोडलंय, ‘नातेवाईक’ म्हणतात. शुद्धीवर आले आणि नोनोमुराबाईंना म्हटलं, ‘माझा फुगा कुठाय?’ त्या घाबरल्या. त्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. पडद्यावर त्यांनी दाखवलं. रक्त वर जातं, आणि दार मिटतं. मिटतं, सिस्टर! एक पेटी खाली येत नाही. मी कितीतरी वेळ बघत बसले. तिथेच रडायला आलं. तो बिचारा उजवा कप्पा. कुणी त्याला ‘शाबास’ म्हटलं नव्हतं.

उवाजिमा
१२ जानेवारी २०२४

होनामी,

थंडी कडाक्याची आहे. हिमाचा शिडकावा बंदरापर्यंत आला.

यंदा शोकामुळे तुझं कार्ड नाही. पहिलीच जानेवारी. एक तारखेला खण उघडला, बघितलं, बंद केला. चुकल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं. त्या ओळीऐवजी तुझं पिठाचं पाकीट आहे.

नोनोमुराबाईंनी महिन्या-महिन्याने वजन वाढवायचं ठरवून दिलंय हे वाचलं. तू अर्धा तास भांडलीस हेही वाचलं. डॉक्टरशी भांडणारा रुग्ण मला आवडतो, पण शेवटी ऐकणारा.

सोबत एक पाकीट आहे. ते आत्ता उघडायचं नाही. वर कुटीत पोचशील तेव्हा. तुझ्या पाठीवर पुरं ओझं असेल तेव्हाच.

सिस्टर

कामोशिका कुटी
२१ जुलै २०२४

सेगावा सिस्टर,

हवामान: डोंगरमाथ्यावर निरभ्र. खाली दरीत ढगांचं दूध उतू गेलंय. वारा पश्चिमेचा, बेताचा. बघा, लिहिलं.

कुटीच्या पायरीवर बसून लिहितेय. शाई वाळायच्या आत हात फिरतोय, म्हणून डाग आहेत.

मे महिन्यात नुसती कोबीची पेटी घेऊन निघाले होते. उस्ताद मागून खाकरत होते. जूनमध्ये दुप्पट. मागच्या आठवड्यात पुन्हा सायकल, मुखवटा, सोनोग्राफी. कप्पा आकसून जवळजवळ नेहमीच्या मापाला आलाय. झडप स्वच्छ मिटते. नोनोमुराबाई म्हणाल्या, ‘कुराता, या वेळी आधी पाय थकले.’ आणि सही केली.

आज पहाटे उस्तादांच्या घरासमोर गेले, तर चौकट बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली, रिकामी. ते स्वतः एक छोटी पिशवी घेऊन उभे. मी म्हटलं, ‘उस्ताद, हंगाम संपायचा आहे अजून.’ म्हणाले, ‘माझे गुडघे संपले. रच.’ मी रचलं. तांदूळ, अंडी, तोफू, दुधी, मालकीणबाईंसाठी दोन बाटल्या साके, आणि सगळ्यांत वर, डोक्याच्याही वर, तुमची मोसंब्यांची पेटी. जड ते वर. उस्तादांनी चौकट हलवून बघितली. काही बोलले नाहीत. त्यांनी काही न बोलणं म्हणजे तुमच्या भाषेत टाळ्यांचा कडकडाट.

जंगल संपलं आणि भूर्ज आला. मी थांबले नाही, सिस्टर. थांबायचं नाही असं ठरवलं नव्हतं. उस्तादांना काहीतरी सांगत होते, बाबा आता पत्रं स्वतः धावत पोस्टात नेऊन टाकतात, ती गोष्ट, आणि सांगता सांगता फळी मागे गेली. मागून आवाज आला, ‘अगं ए! फुलं बघायची नाहीत का?’ मी म्हटलं, ‘तुम्ही बघा, मला अंडी पोचवायचीत.’ तर खरंच बसले. त्यांना दम लागला होता! मी उभ्याउभ्याच वळून विचारलं, ‘उस्ताद, रचना चुकली का?’ सगळा डोंगर दणाणेल असे हसले. मी त्यांना इतकं हसताना आजच पाहिलं.

बर्फाचा पट्टा ओलांडला, साखळ्या धरून चढायची कातळाची चढण आली. आता दम लागत होता, हो, लागायलाच हवा. पण हा वेगळा. आत घेतला की पुरतो. पूर्वी प्रत्येक श्वास कुणीतरी अर्धा चोरून नेत होतं. माथ्यावर वारा लागला. चौकटीने पुढे ढकललं, मी पाय टाकले, आणि कुटीच्या धुराचा वास आला. मालकीणबाई दारात उभ्या. गेल्या वर्षी हेलिकॉप्टरवाल्याशी बोलणी करत होत्या. आज म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी भाजी कुणाला सांगू?’ उस्ताद अजून शंभर पावलं मागे होते. तिथूनच ओरडले, ‘चौकट जिच्या पाठीवर आहे तिला सांगा!’

चौकट उतरवली. खांद्यांवर तिचे वळ आहेत. माझ्या अंगावरची पहिली खूण, सिस्टर.

मग तुमचं पाकीट उघडलं. लाल फुगा!

मी तो तिथेच तोंडाला लावला. मालकीणबाई म्हणाल्या, ‘अगं, जरा श्वास तरी घे.’ घेतला. एकच. आणि एका दमात फुगवला, गाठ मारली, आणि चौकटीच्या टोकाला बांधला. आता वाऱ्यावर नाचतोय. एक पाहुणा विचारत होता, कुणाचा वाढदिवस आहे का? उस्ताद म्हणाले, ‘नाही. तिचाच होता. परत मिळायला जरा उशीर झाला.’

मोसंबी सोलतोय. गोड आहेत. इतक्या उंचीवर पोचलेली ही तुमची पहिलीच.

होनामी

नववर्षाचं कार्ड
१ जानेवारी २०२५

सिस्टर,

बारा डिसेंबरला तपासणी झाली. झडप मिटते. कप्पा मापात. दात स्वच्छ. पुढची तारीख जूनमध्ये, हंगामातली मधली सुट्टी बघून घेतली आहे. ही झडपही कधीतरी थकेल, तेव्हा तिच्या आत दुसरी बसवतात, तेही विचारून ठेवलंय. इस्पितळाच्या शिक्क्याचा कागद सोबत आहे. खणात कार्डाच्या वर ठेवा.

इतकं सगळं झाल्यावर आता लिहिते.

मी ठणठणीत आहे.

होनामी